बरणीतले चाकवाले

काचीगुड्याच्या हिम्मतराव लायटिंगवाल्यांनी उभी हयात लोकांच्या लग्नात उजेड पाडण्यात घालवली, पण स्वतःच्या सुनेशी दोन शब्द बोलायचे म्हटले की त्यांचा फ्यूज उडायचा. सून पुण्याची, नाव रसिका. शिकलेली, नीटस, वाक्य सुरू केलं की शेवटपर्यंत नेणारी. हिम्मतरावांचे वडील बिदरकडचे शेतकरी, आणि स्वतः ते चाळीस वर्षं गौलीगुड्यातल्या दुकानात बसलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दखनी पार मुरलेली. ती विचारायची, “बाबा, चहा घेणार का?” हे म्हणायचे, “हौ.” झालं, संपला संवाद. मुलगा प्रशांत कंपनीच्या कामावर सहा महिने सिंगापूरला गेला, तेव्हा घरात ही दोनच माणसं उरली. तिसरी ती बरणी.

बरणी म्हणजे काय, तर प्रशांतच्या टेबलावर ओलं फडकं गुंडाळून ठेवलेली, हिरवट गढूळ पाण्याची काचेची बरणी. हिम्मतरावांना पहिल्या दिवशी वाटलं, लोणचं नासलंय. त्यांनी ती मोरीत ओतायला उचललीसुद्धा. रसिका आतून धावत आली आणि तिनं दोन्ही हातांनी बरणी धरली.

“बाबा, नको! त्यात माझी चार वर्षं आहेत!”

आता कुणाची चार वर्षं बरणीत कशी मावतील? पण होती खरी. त्या पाण्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव होते. रसिका त्यांच्यावर पीएचडी करत होती. ते खातात कसे, हलतात कसे, एवढाच तिचा विषय. ज्या नर्सरीच्या हौदातून तिनं ते आणले होते तो हौद बुजवून तिथं पार्किंग झालं होतं. संस्थेच्या प्रयोगशाळेत वाढवलेले, सुट्ट्यांमध्ये दोन दिवस वीज गेल्यावर मेले. उरले ते फक्त या बरणीत. प्रबंधाच्या शेवटच्या भागासाठी चाळीस व्हिडिओ घ्यायचे होते, चोवीस झाले होते, आणि जूनअखेर सगळं जमा करायचं होतं. हे ऐकल्यापासून हिम्मतराव त्या टेबलाजवळून जाताना श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे.

आणि नेमकं एप्रिलच्या शेवटी रसिकाच्या आईचं, मीनाताईंचं, पुण्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस जाणं भाग होतं. बरणी घेऊन जावी तर रात्रभराच्या प्रवासात त्या जिवांचं काय होईल कोण जाणे. रसिका दोन दिवस नुसती बरणीकडे आणि सासऱ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. शेवटी म्हणाली, “बाबा, तुम्ही सांभाळाल का?”

या मुलीनं लग्नाला तीन वर्षं झाली तरी हिम्मतरावांकडे कधी काही मागितलं नव्हतं, मिठाची बरणीसुद्धा स्टुलावर चढून स्वतः काढायची. ते म्हणाले, “हौ. सांभाळतो ना. कायको फिकीर करती?”

जायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. काचपट्टीवर एक थेंब ठेवला, वर पातळ काच ठेवली. “एक डोळा मिटा, आणि घाई करू नका.”

पहिल्यांदा नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात हिरवे कण तरंगताना दिसले, हल्लू हल्लू, दुपारच्या उन्हात धूळ तरंगते तसे. आणि मग, अहाहा! काचेचं अंग असलेला एक जीव, आरपार दिसणारा, आपल्या शेपटीच्या टोकावर उभा. त्याचं डोकं उघडलं आणि त्यातून दोन चाकं बाहेर आली. गरगर गरगर फिरणारी दोन चाकं! हिरवे कण भोवऱ्यात सापडून त्या चाकांकडे ओढले जात होते, मधल्या फटीतून आत जात होते आणि घशात एक इवलासा जबडा त्यांना दळत होता. जातं चालू, गिऱ्हाईक चालू, सगळं बाहेरून दिसतंय आणि आवाज म्हणून नाही.

“अरे बाप रे,” हिम्मतराव पुटपुटले. “हा तर चाकवाला आहे.”

“रोटिफर म्हणतात. पण ती चाकं फिरत नाहीत, बाबा. कडेला बारीक केस आहेत. ते एकामागून एक वाकतात, म्हणून आपल्याला चाक फिरल्यासारखं दिसतं.”

हे ऐकून हिम्मतरावांनी खाडकन डोकं वर काढलं. “म्हणजे आमची रनिंग सीरियल!”

“काय?”

“अगं, शादीखान्याच्या कमानीवर आम्ही चक्र लावतो ना, मोराच्या पिसाऱ्यात. लोकांना वाटतं चक्र फिरतंय. फिरत बिरत काही नाही! एक दिवा विझतो, शेजारचा लागतो. दिवा जागच्या जागी, पळतो फक्त झगमगाट.” आणि त्यांनी हात हवेत फिरवून दाखवला.

रसिका खळखळून हसली. “चार वर्षं मी हे लोकांना समजावतेय, बाबा. इतकं सोपं करून मला एकदाही जमलं नाही.” त्या संध्याकाळी दोघं दोन तास बोलत बसले. एवढं तर हिम्मतराव प्रशांतशीही कधी बोलले नव्हते.

तिनं पाय दाखवला. शेपटीच्या टोकाला बोटं असतात, त्यांतून चिकट रस सुटतो, त्यानं तो प्राणी धरून बसतो. धरून बसला की तीच चाकं पाणी ओढून त्याला जेवू घालतात. पाय सोडला की तीच चाकं त्याला पोहवत नेतात. “एका मोटरवर दोन कामं!” हिम्मतरावांना फारच पसंत पडलं. चालायचं असेल तर डोकं टेकवायचं, पाय पुढे ओढायचा, पुन्हा डोकं टेकवायचं. देवाच्या वाटेवर कुणी लोटांगण घालत निघावं तशी ती चाल.

रसिकानं कागदावर नऊ सूचना लिहून भिंतीला चिकटवल्या. उन्हात ठेवू नका. नळाचं पाणी घालू नका, त्यात क्लोरीन असतं, बाटलीचं घाला. तुरटी फिरवू नका. दुसऱ्या बाटलीतलं हिरवं पाणी रोज सकाळी वीस थेंब. फडकं ओलं ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वगैरे वगैरे. जे लिहायला हवं होतं ते मात्र त्यात नव्हतं, पण ते लिहावं असं त्या बिचारीला सुचणार तरी कसं?

रविवारी ती गेली. सोमवार, मंगळवार हिम्मतरावांचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक नाही. सकाळी वीस थेंब मोजून घालायचे आणि मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन बसायचे ते जेवणाची शुद्ध नाही. बाहेर काचीगुडा स्टेशनातून गाड्यांच्या घोषणा तेलुगूत, उर्दूत, हिंदीत होत राहायच्या, आणि आत त्या थेंबात कुणाला कुठंच जायचं नसायचं. कुणी पायानं धरून बसलेला, कुणी सोडून निघालेला. एखादा मध्येच चाकं मिटून गोळा व्हायचा आणि विचार करत बसल्यासारखा वाटायचा. हिम्मतराव तासन् तास बघायचे. डोळा काढला की खोलीच खोटी वाटायची, पंखा, कॅलेंडर, आपला हात, सगळं फार मोठं आणि फार जड. भाग्यलक्ष्मी गेल्यापासून त्यांना असं निवांत कधी वाटलं नव्हतं. ‘अगं, तू पाहिलं असतंस तर,’ असं ते मनातल्या मनात बायकोला म्हणाले देखील.

बुधवारी ऊन असं पेटलं की विचारू नका. अकरा वाजता लाइट गेली. फडकं ओलं करावं तर दहा मिनिटांत पापडासारखं वाळायचं. हिम्मतरावांनी बरणीला हात लावून पाहिला, पाणी कोमट लागलं. रसिकाला फोन केला तर बंद. त्या दिवशी मीनाताईंचं ऑपरेशन होतं.

आता ज्या घरात पिढ्यान् पिढ्या गंगेचं पाणी आणि पाहुण्याचं पाणी तांब्यातच ठेवलं, त्या घरातल्या माणसाला अशा वेळी काय सुचेल? तांब्याची कळशी! कितीही ऊन असो, पाणी गार, पाणी शुद्ध. त्यांच्या आईनं तान्ह्या नातवाचं पाणीदेखील त्याच कळशीत भरलं होतं. हिम्मतरावांनी आदल्या दिवशीच ती चिंच-मीठ लावून घासली होती, नुसती लखलखत होती. सुनेच्या ठेवीला याहून चांगली जागा ती कोणती?

त्यांनी बरणीतलं पाणी अगदी अलगद कळशीत ओतलं. पण धरून बसलेले मागे राहतील ना! म्हणून बाटलीचं पाणी घालून बरणी तीनदा विसळली, ड्रॉपरनं काठाकाठावर पाणी सोडून एकेकाला खाली आणलं. ‘चला बाबांनो, चला, कुणी मागे राहू नका.’ कळशी माठाशेजारच्या कोपऱ्यात सावलीला ठेवली, वर पातळ फडकं झाकलं. रिकामी बरणी खिडकीत ठेवून दिली. धुतली मात्र नाही, कारण नळाची पाळी एक दिवसाआड आणि आज पाळी नव्हती. मग ते समाधानानं आडवे झाले.

झोप लागली ती कशी! ते स्वतःच्या गच्चीवर उभे होते, पाय गच्चीला चिकटलेले. समोर सगळं शहर पाण्यात, हिरव्या, उबदार पाण्यात. कोठी भागातल्या दुकानांवरून माणसं तरंगत चालली होती, कुणाच्या हातात पुस्तकं, कुणाच्या हातात मिठाईचे डबे. हिम्मतरावांनी डोकं उघडलं आणि कमानीवरची दोन्ही चक्रं सुरू केली. काय तो उजेड! सगळी माणसं वळत वळत त्यांच्याकडे यायला लागली, भाग्यलक्ष्मीसुद्धा, हिरव्या लुगड्यात, हसत. ती अगदी जवळ आली आणि म्हणाली, “पाय सोडा ना आता.” ते सोडणार तोच एकेक दिवा विझायला लागला. शेजारचा लागेना. त्याच्या शेजारचाही लागेना.

हिम्मतराव दचकून उठले. पाच वाजत आले होते. लाइट आली होती, पंखा फिरत होता. त्यांनी कळशीतला थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला.

चाकं नव्हती. सगळे मिटलेले, गोळा झालेले. ‘झोपले असतील,’ म्हणून त्यांनी दुसरा थेंब घेतला. मग तिसरा, आठवा, विसावा. एकाचंही जातं चालत नव्हतं. काहींची अंगं विस्कटून पाण्यात सुटी पडली होती. हिम्मतरावांनी फोनवर शोधलं, अडखळत अडखळत वाचलं. तांब्यानं पाणी शुद्ध होतं ते का, तर त्यातले बारीक जीव मरतात म्हणून. जन्मभर ते हे पाणी मोठ्या अभिमानानं पीत आले होते. चिंचेनं घासलेलं तांबं तर पाण्यात आणखीनच उतरतं.

साठी उलटलेला माणूस लहान मुलासारखा रडला, हे मी काही लपवून ठेवणार नाही.

तेवढ्यात सिंगापूरहून प्रशांतचा रोजचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, “बाबा, गर्मीनं गेले म्हणून सांगा ना. त्रेचाळीस डिग्री होतं, लाइट गेली होती. ती विश्वास ठेवेल. तिला काय कळणार?”

“कळणार नाही म्हणूनच सांगायला पाहिजे,” हिम्मतराव म्हणाले.

तो त्यांचा धंद्यातला रिवाज होता. भर वरातीत मंडप काळोखात गेला की बाकीचे लायटिंगवाले वीजखात्याच्या नावानं शंख करायचे. हिम्मतराव नवरीच्या बापासमोर जाऊन हात जोडायचे, ‘चूक आमची, साहेब, वायर आम्हीच कच्ची जोडली.’ या सवयीपायी त्यांनी गिऱ्हाइकं गमावली होती. पण तेव्हा जायची ती गिऱ्हाइकं. आज काय जाणार होतं, याचा विचारही त्यांना करवेना. त्यांनी रसिकाचा नंबर लावला. या खेपेला लागला.

“आईचं कसं आहे?”

“छान झालं, बाबा. आत्ताच खोलीत आणलं. तिकडे सगळं ठीक ना?”

“नाही, बेटा. मी मारले त्यांना.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, कळशी, चिंच, तीनदा विसळलेली बरणी. काही गाळलं नाही. “गर्मीनं नाही मेले. माझ्या हातानं मेले. तू भरोसा ठेवलीस आणि मी असं केलं.”

पलीकडून एक हुंदका आला आणि दाबलाही गेला. हिम्मतराव कानाला फोन लावून उभे राहिले. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर परवडलं असतं.

मग रसिकानं विचारलं, “जुनी बरणी धुतली का?”

“नाही. आज नळ नव्हता.”

“वाळली?”

हिम्मतराव खिडकीकडे धावले. काठ कोरडे ठाक होते. पण बुडाशी, काचेच्या खोलगट कडेला, शेवाळाचा चिकट डाग होता, आणि त्यात अजून ओल होती, फार तर चमचाभर.

“हात लावू नका. बाटलीच्या पाण्याचे दहा थेंब घाला, आणि सावलीत ठेवा. पायानं घट्ट धरलेला एखादा विसळूनही सुटत नाही कधीकधी. उद्या सकाळच्या उजेडात बघा. पण बाबा, फार आशा धरू नका.”

सकाळी सहाला हिम्मतराव आंघोळ करून मायक्रोस्कोपसमोर बसले. शेवाळाचा डाग थोडा थोडा खरवडून, थेंब थेंब करून बघायचा होता. पहिला थेंब. हिरवे धागे, वाळूचा एक कण डोंगराएवढा. दुसरा थेंब. एक रिकामी कातडी. दूधवाला येऊन गेला, स्टेशनातून एक गाडी गेली, मग दुसरी गेली. सातवा, आठवा. त्यांची मान आखडली. धाग्यांच्या जंगलातून ते एकटेच चालले होते, डोकं टेकवत, पाय ओढत, आणि सगळीकडे हिरवा उजेड आणि कुणाची हाक नाही. आपण आत आहोत की बाहेर, हेच त्यांना कळेनासं झालं. पंधरावा थेंब, बाविसावा. नळाला पाणी आलं, शेजारणीनं बादल्या लावल्या, ते उठले नाहीत.

एकतिसाव्या थेंबात एका हिरव्या धाग्याला काचेचा एक गोळा चिकटलेला होता. मेलेलाच, असं त्यांना वाटलं. तरी ते बघत राहिले. घाई करू नका, असं ती म्हणाली होती. मिनिट गेलं, दोन गेली. गोळा किंचित लांबला. थांबला. पुन्हा लांबला. टोकाशी बोटं दिसली, धाग्याला गच्च धरलेली. मग डोकं उघडलं, आणि दोन चाकं गरगर गरगर फिरायला लागली. घशातलं जातं चालू झालं.

हिम्मतरावांनी तोंडावर हात दाबून धरला, आपल्या श्वासानं त्याचं काही होईल म्हणून. उरलेले सगळे थेंब पाहून होईस्तोवर अकरा वाजले. दुसरा कुणी नव्हता. त्यांनी पुण्याला फोन लावला.

“सापडला, बेटा. जिता आहे, खातोय. पण एकच आहे गं. सगळी बरणी भरलेली होती, आणि मी एकच ठेवला. एकटा जीव, त्याचं काय होणार? जोडीदार नाही, काही नाही.”

“एक?” रसिका म्हणाली. “नीट बघितलंत? चाकं चालू आहेत?”

“हौ.”

“बाबा, एक पुरे.” ती रडत होती की हसत होती, कळेना. “यांच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या. एकटीच अंडी घालते, त्या अंड्यांतून पुन्हा माद्याच. पंधरा दिवसांत कितीतरी होतील, महिन्यात व्हिडिओ घेता येतील. एक पुरे!”

हिम्मतरावांनी ती काचपट्टी पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवून डोळा लावला. चाकं चालूच होती.

“ऐका आता,” रसिका म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा नीटस झाला. “तिला त्याच काचपट्टीवरून उथळ काचेच्या वाटीत घ्या. बाटलीचं पाणी, हिरव्याचे दोन थेंब. मला अजून पाच दिवस यायला जमत नाही. तोवर तुम्ही सांभाळा.”

“मी?” हिम्मतराव म्हणाले. “अगं, पुन्हा मीच?”

“मग दुसरं कोण आहे मला तिथं?”